तागाचं तलम वस्त्र

मराठीत 'ताग' हा शब्द तीन माणसांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. शाळेत भूगोल शिकलेल्याला ताग म्हटलं की पश्चिम बंगाल, हुगळीकाठच्या गिरण्या आणि धान्याची पोती दिसतात. म्हणजे इंग्रजीतलं ज्यूट. शेतकऱ्याला दिसतं पिवळ्या फुलांचं, पुरुषभर उंचीचं शेंगावर्गातलं झाड, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात आणि जे हल्ली धैंच्यासारखंच हिरवळीच्या खतासाठी पेरतात. आणि चर्चमध्ये मराठी बायबल ऐकत मोठा झालेल्या माणसाला ताग म्हणजे तलम, शुभ्र, याजकांनी आणि देवदूतांनी नेसायचं वस्त्र. ही तीन वेगवेगळी झाडं आहेत, एकमेकांची दूरची नातलगही नाहीत. तिसरं झाड म्हणजे जवस. त्याच्या धाग्याला जगभर लिनन म्हणतात आणि मराठीत त्याला स्वतःचं नाव नाही.

जवस आपल्याला काही परका नाही. विदर्भात, मराठवाड्यात त्याची चटणी घरोघर असते. दुसरं नाव अळशी, ते संस्कृत 'अतसी'वरून आलं. अळशीचं तेल सुताराला आणि रंगाऱ्याला लागे, अळशीच्या पिठाचं पोटीस गळवावर बांधत. पण चटणी, तेल आणि पोटीस एवढ्यावर मराठीतला जवसाचा शब्दसंसार संपतो. त्याच्या ताटाचं काय करायचं, ते कधी उपटायचं, किती दिवस पाण्यात ठेवायचं, धागा कसा काढायचा, यासाठी एकही शब्द नाही, कारण ते काम इथे कुणी करत नव्हतं. आपल्याकडचा जवस बुटका आणि फांद्या फुटणारा, बियांसाठी विरळ पेरलेला. फ्लँडर्समध्ये किंवा आयर्लंडमध्ये धाग्यासाठी लावतात तो उंच, सरळ आणि दाट. झाड एकच, पण त्याच्याकडून मागितलेलं काम वेगळं, आणि शब्द कामामागे येतात.

मात्र हे कायमच असं नव्हतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली नावाचं गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी 1960च्या सुमारास उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी सापडले आणि मण्यांमध्ये शिल्लक राहिलेला दोरा जवसाचा निघाला. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पूर्वेला कुणीतरी जवसाचा धागा काढत होतं, किंवा निदान वापरत तरी होतं. संस्कृतातही त्याची आठवण आहे. अमरकोशात अतसी, उमा आणि क्षुमा ही एकाच झाडाची नावं दिली आहेत, आणि क्षुमेचं ते क्षौम. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांची वाटणी आहे: ब्राह्मणाला सणाचं, क्षत्रियाला क्षौम, वैश्याला लोकरीचं. सण आणि क्षौम यांतला भेद त्या काळी माहीत होता आणि तो वर्ण ठरवण्याइतका महत्त्वाचा मानला जाई. पुढे क्षौमचा अर्थ सैल होत गेला, कुठे रेशमी असा झाला, आणि मराठीपर्यंत येता येता तो शब्द पोथीतच राहिला. (दोरांनी मात्र धर्मात जागा टिकवली. मुंज हे नावच मुळी मुंज गवताच्या मेखलेवरून पडलं.)

आता कोकणात उतरू. रायगडच्या किनाऱ्यावर जवस नव्हता. हा जिल्हा 1981पर्यंत कुलाबा होता, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही आहे. इथे धागा म्हणजे दोन गोष्टी: माडाचा काथ्या आणि तागाचा वाख.

काथ्याची शब्दावली अजून थोडी जिवंत आहे, कारण माड जिवंत आहे. नारळ सोलल्यावर निघतं ते सोडण. ते खाजणात किंवा डबक्यात महिनोन् महिने मुरू द्यायचं, मग झोडून त्यातला भुसा वेगळा करायचा, उरतो तो काथ्या. तो वळला की सुंभ, जाड केला की दोर, आणि कोकणात मोठ्या दोराला सोल असाही शब्द आहे. खाऱ्या पाण्यात कुजत नाही हा काथ्याचा सगळ्यात मोठा गुण. म्हणून कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं असोत की रेवदंड्याच्या खाडीतली होडकी, नांगराचा दोर काथ्याचाच. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण आपण हट्टी माणसाबद्दल वापरतो, पण मुळात ते साधं निरीक्षण आहे. काथ्याची दोरी जागच्या जागी जळू दिली तर राखेत पिळाच्या रेषा तशाच दिसतात. नायलॉनचा दोर पेटवून पाहा: काळा, चिकट गोळा होतो.

पण काथ्या राकट. त्याचं मासेमारीचं बारीक जाळं होत नाही. त्यासाठी ताग लागे, आणि इथे 'सण' हा त्याचाच जुना, संस्कृतातून सरळ आलेला शब्द. कोकणात भात कापल्यावर शेतात जी ओल राहते तिच्यावर ताग पेरत. तो दाट पेरायचा, म्हणजे फांद्या न फुटता ताट सरळ वर जातं. फुलं येऊन शेंगा धरू लागल्या की कापायचा. पाला झडला की ताटांच्या पेंढ्या बांधून पाण्यात घालायच्या, वर दगड ठेवायचे. चार-आठ दिवसांत साल सुटते. एक दिवस कमी पडला तर साल काडीला चिकटून बसते, दोन दिवस जास्त झाले तर धागाच कुजतो. हे घड्याळ बोटांत असायचं: साल दोन बोटांत धरून ओढून बघायची. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पेंढ्या आपटायच्या आणि सोलायच्या. त्या पाण्याला येणारी घाण वर्णन करण्यासारखी नाही.

सोललेली साल धुऊन वाळवली की तो वाख. हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत वल्क म्हणजे झाडाची साल, त्यावरून ऋषींची वल्कलं, आणि त्याच वल्कचा झिजत झिजत वाक, वाख झाला. अंबाडीचाही वाख, तागाचाही वाख, आणि पुढे अमेरिकेतून आलेल्या घायपाताच्या पात्यातून धागा निघतो हे कळल्यावर त्याचाही वाखच. नव्या झाडाला नवा शब्द शोधायची गरज पडली नाही, कारण हाताला काम तेच होतं. उरलेली पांढरी, हलकी काडी ती सणकाडी. ती चुलीत पेटवण म्हणून जाई, आणि हडकुळ्या पोरांना चिडवायलाही उपयोगी पडे.

वाखाला पीळ देऊन सूत, दोन-तीन सुतांचे पेड एकत्र वळून दोरी. पेड हा शब्द आता वेणीपुरता उरला आहे. आणि 'चऱ्हाट' लांबलेल्या भाषणापुरतं. कोळी घरांत हे सूत काढणं आणि जाळं विणणं वर्षभर चाले. विणलेलं जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबडं करत. सालीतल्या टॅनिनमुळे सूत पाण्यात लवकर कुजत नाही. तरी कुजेच, म्हणून ते पुन्हा पुन्हा रंगवायचं, वाळवायचं, सांधायचं. डोल असो की पाग, जाळं म्हणजे न संपणारं घरकाम होतं. 1960नंतरच्या दशकांत नायलॉन आला आणि हे काम संपलं. त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्यांनी त्या पाण्यात उभं राहून पेंढ्या सोलल्या नाहीत त्यांना नाही. पण कामाबरोबर शब्द गेले, हेही खरं.

गंमत अशी की लिननचा शब्द कोकणात आलाच नाही असंही नाही. तो आला, समुद्रानेच आला, आणि भलत्याच कापडाला चिकटला. मराठीत किंतान किंवा किलतान म्हणजे गोणपाट, तरट, तागाचं जाडंभरडं कापड. पावसाळ्यात दाराशी पाय पुसायला टाकतात ते. अरबीत 'कत्तान' म्हणजे जवस आणि त्याचं कापड. किंतान हा त्याच शब्दाचा आपल्याकडचा अवतार असावा, असं मला वाटतं. चौल हे अरबी व्यापाराचं जुनं बंदर, तेव्हा वाट अवघड नाही. मधला दुवा बहुधा शिडाचं किंवा माल बांधायचं जाड कापड असेल. बाहेरचं जाड कापड ते किंतान, मग आपलं जाड कापड तेही किंतान. कत्तान हे खलिफांच्या दरबारात मिरवलेलं नाव, आणि आपण त्याला पाय पुसले.

इथे एका सापळ्याचा उल्लेख करायला हवा. कापडाचा 'तागा' आणि 'ताग' यांचा संबंध नाही. तागा म्हणजे ताका, अखंड कापड, तो वेगळ्या वाटेने आलेला शब्द. 'ताकास तूर लागू न देणे' या वाक्प्रचाराचीही एक उपपत्ती विणकामातून सांगतात: ताका म्हणजे कापड आणि तूर म्हणजे मागावरचं ते गुंडाळायचं लाकूड. ती मला पटण्यासारखी वाटते, कारण प्यायच्या ताकाचा आणि तुरीच्या डाळीचा या अर्थाशी काही संबंध लागत नाही. पण तागाची शेती आणि तुरीची शेती जोडून कुणी तिसरी गोष्ट सांगू लागलं तर सावध राहावं.

किंतानाच्या उलट प्रवास बायबलच्या भाषांतरात झाला. विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार सेरामपूरहून 1811 साली निघाला, मुंबईतल्या अमेरिकन मिशनचा 1826 साली. हिब्रू आणि ग्रीक मजकुरात लिनन पावलोपावली येतं: याजकांची वस्त्रं, निवासमंडपाचे पडदे, प्रेताला गुंडाळायचं कापड. मराठी बायबलमध्ये या जागी सण आणि ताग हे शब्द रुळले. ज्या झाडाचं सर्वोत्तम कापड म्हणजे गोणी, ते झाड देवाच्या मंडपात गेलं. 'तलम' हे विशेषण पुढे लावून काम भागवलं. पण तागाचं तलम कापड कोकणातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही चूकच. तरी मी भाषांतरकारांच्या बाजूने आहे. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई हेरांना घराच्या छपरावर वाळत घातलेल्या ताटांखाली लपवते. तिथे 'जवसाची ताटं' लिहिलं असतं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुडघाभर झुडूप आणि तव्यावर भाजलेल्या बिया आल्या असत्या, आणि त्यात मांजरही लपलं नसतं. ताग म्हटल्यावर अलिबागच्या कोळ्याला ते छप्पर, ती ताटं, तो वास सगळं एका क्षणात दिसलं असतं. भाषांतरकाराने झाड सोडलं आणि काम धरलं.

पण याच किनाऱ्यावर असे वाचक होते ज्यांना झाडाशीच मतलब होता. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज उतरले, सात जोडपी वाचली, असं बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. त्यांचा मुख्य धंदा घाण्यावर तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरी मराठी बोलणाऱ्या या समाजाचा हिब्रू ग्रंथांशी संबंध एकोणिसाव्या शतकात पुन्हा दाट झाला तो काही अंशी मिशनऱ्यांमुळे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं.

तोरामध्ये एक आज्ञा आहे: लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं वस्त्र अंगावर घालू नये. मराठी वाचून ती पाळायची तर ती लोकर आणि ताग अशी होते. मग लोकरीचं कापड सणाच्या दोऱ्याने शिवलेलं चालेल का? रब्बींच्या परंपरेत उत्तर स्पष्ट आहे: मनाई फक्त खऱ्या जवसाच्या धाग्याला, इतर कुठल्याही झाडाच्या धाग्याला नाही. म्हणजे शब्दशः मराठी पाळणारा माणूस जे निषिद्ध नाही ते टाळत बसला असता, आणि मुंबईच्या बाजारात आलेल्या विलायती लिननकडे त्याचं लक्षही गेलं नसतं, कारण त्याला कुणी ताग म्हणत नव्हतं. राहाबच्या छपरावर जे भाषांतर अचूक, ते शिंप्याच्या दुकानात चुकीचं. कथेला चित्र लागतं आणि कायद्याला वस्तू. मराठीत एका शब्दाला ही दोन्ही कामं करावी लागली.

इंग्रजांना या घोळाची जाणीव व्यापारामुळे झाली. क्रिमियाच्या युद्धाने रशियाचा माल अडला तेव्हा जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1855 साली हिंदुस्थानातल्या धागा देणाऱ्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात सण, अंबाडी, जवस यांचे धागे, नावं आणि ताकद निगुतीने वेगळी केली आहेत. दोराचा व्यापार करणाऱ्याला नावाची चूक परवडत नाही. बंगालचं ज्यूट डंडीच्या गिरण्यांमध्ये गेलं आणि पुढे सगळ्यांना मागे टाकून बसलं. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्या विजेत्यालाही ताग हेच नाव दिलं.

आता शहरातल्या दुकानांत लिननचे सदरे लिनन याच नावाने मिळतात, त्याला मराठी शब्द कुणी मागत नाही. आणि बियाण्याच्या दुकानात तागाचं बी पोत्याने मिळतं. ते पेरतात, आणि पीक कोवळं असताना, फुलावर येता येताच नांगरून मातीत गाडतात. साल सोलण्याइतकं जून ताट आता कुणी होऊ देत नाही.