हम्बोल्टचं पाणी नेमकं कोणी ओढलं?

आजची नदी समुद्राला मिळतच नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात उगम पावणारी हम्बोल्ट त्याच राज्यातल्या वाळवंटात जिरून जाते. तिच्या शेवटच्या टोकाला लव्हलॉक हे गाव. तिथले शेतकरी राय पॅच धरणाच्या पाण्यावर अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, पिकवतात.

तिकडचा पाणीकायदा सोपा आहे: जो आधी आला, त्याचा हक्क आधी. लव्हलॉकचे हक्क जुने, 1931च्या बार्टलेट निवाड्यात लिहिलेले. तरी दुष्काळात कालवे कोरडे पडले, आणि 2015मध्ये तिथला पाणी जिल्हा राज्याविरुद्ध कोर्टात गेला. तक्रार अशी, की वरच्या अंगाच्या विहिरी जमिनीखालून नदीचंच पाणी ओढतायत.

पण सिद्ध कसं करणार? पाण्यावर विहिरीचं नाव थोडंच लिहिलेलं असतं!

त्यात सोन्याच्या खाणी. कार्लिन पट्ट्यात 1965पासून मोठ्या उघड्या खाणी सुरू झाल्या. खाण भूजलाच्या खाली गेली की ती कोरडी ठेवायला सतत पंप चालवावे लागतात. गंमत म्हणजे उपसलेलं काही पाणी नदीतच सोडलं गेलं, त्यामुळे तेवढा काळ नदीत उलट जास्त पाणी. खरा हिशोब पंप थांबल्यावर सुरू होतो. जमिनीखालचा रिकामा झालेला भाग परत भरायला लागतो आणि त्यातलं काही पाणी नदीच्या वाट्यातून जातं. नुसता नदीवरचा मोजमाप खांब बघितला तर हे कळणारच नाही.

चार्ल्स थाइसने 1940मध्येच सांगून ठेवलं होतं: विहीर आधी जमिनीतला साठा संपवते, मग हळूहळू नदी-झऱ्यांचा वाटा खाते. ते आकड्यांत मांडायला मॉडफ्लो आलं, 1984मध्ये, फोरट्रानमध्ये लिहिलेलं. जमिनीचे चौकोनी ठोकळे पाडायचे आणि प्रत्येकात पाणी किती आलं, किती गेलं, याचं गणित सोडवायचं. मॉडेल दोनदा चालवायचं, एकदा पंपासह, एकदा पंपाशिवाय. नदीच्या प्रवाहात जो फरक येईल, तो त्या पंपाच्या नावावर. आपण कोडमधला बग शोधताना एकच ओळ बंद करून बघतो ना, अगदी तसंच!

हम्बोल्टसाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने खोऱ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाची वेगवेगळी मॉडेल्स हाती घेतली. पंप कोणी बंद करायचा, हे मात्र मॉडेल सांगत नाही. ते भांडण माणसांचंच. आणि त्यात अडचण अशी, की नदीकाठच्या विहिरीचा फटका लगेच दिसतो, पण लांबच्या विहिरीचा पंप आज बंद केला, तरी नदीतलं पाणी पुढची कित्येक वर्षं कमीच होत राहतं.