सिग्नल पडला

सन १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि तिच्यामागून एक नवी शब्दसृष्टि आमच्या भाषेंत शिरली. तींतील कांहीं शब्दांचीं रूपें लोकांनीं आपल्या जिभेप्रमाणें घडविलीं. स्टेशनचें टेसन झालें, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. कांहीं ठिकाणीं तर त्यांनीं घरचाच शब्द कामास लावला. जेथें एका मार्गाचे दोन होतात त्या जागेस प्रथम 'सांधा' कोणी म्हटलें हें कोणास ठाऊक नाहीं. परंतु सुताराच्या व हाडवैद्याच्या बोलींतला हा शब्द उचलून त्यानें जें साधलें, तें पंडितांच्या मंडळास साधलें असतें कीं काय, याची आम्हांस शंका आहे. सिग्नलसाठीं 'अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिका' असा जो प्रतिशब्द विनोदानें सांगतात, तो उच्चारून होण्यापूर्वींच गाडी निघून जावयाची!

धाराशिव जिल्ह्यांत ही भाषा आली ती अरुंद रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्यें बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघें २ फूट ६ इंच, आणि एका आंसावर ५ टनांहून अधिक भार नाहीं, असा त्याचा नियम. १९११ त ती लातुरास पोहोंचली. बार्शी इंग्रजी मुलखांत, तर येडशी, तडवळें हीं गांवें निजामाच्या राज्यांत. पण तांबडा बावटा दिसला कीं थांबावयाचें, हा कायदा दोन्हीं मुलखांत एकच होता.

या शब्दांत आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो 'सिग्नल पडला' हा प्रयोग. मराठींत पडणें बहुधा अशुभ. भिंत पडते, भाव पडतो, दुष्काळ पडतो. पाऊस मात्र पडावा असें वाटतें, आणि सिग्नल. जुन्या खांबावरचा हात आडवा असला म्हणजे थांबावयाचें, खालीं झुकला म्हणजे जावयाचें. डोळ्यांनीं पाहिलें तेंच लोकांनीं बोलून दाखविलें. परंतु या झुकण्यांत धोका होता. १८७६ त इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें बर्फानें जखडलेला हात झुकलेलाच राहिला, मार्ग मोकळा समजून गाडी पुढें गेली आणि भयंकर अपघात झाला. त्यानंतर हात एरवीं आडवाच ठेवावा, ही रीत तेथें रूढ झाली. पुढें वर उचलला जाणारा हात निघाला. त्याची तार तुटली तर तो स्वतःच्या भारानें आडवा होतो व गाडी थांबते. म्हणजे आतां खरोखर पडलेला सिग्नल 'थांब' असें सांगूं लागला! तरीहि लोकांनीं आपला प्रयोग सोडला नाहीं. हल्लींच्या रंगीत दिव्यांत तर वर-खालीं होण्यासारखें कांहींच उरलें नाहीं.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ त सरकारनें घेतली. तिचे अरुंद रूळ येडशीवरून जात. जिल्ह्याचें मुख्य गांव बाजूसच राहिलें होतें. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, तेव्हां कोठें धाराशिवास स्वतःचें स्टेशन मिळालें. अरुंद रुळांवर ज्यांनीं सांधे बदलले, बावटे दाखविले, ते लोक आतां थकत चालले आहेत. पारिभाषिक कोश रचणाऱ्या आमच्या विद्वान् मित्रांनीं, निदान दोन दिवस इंग्रजी पुस्तकें घरीं ठेवून, येडशी-तडवळ्याकडे एक खेप करावी.