मने नव्हे, तास जुळवा

वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांचे जमणे हा स्वभावाचा प्रश्न आहे, असे समावेशक शिक्षणाच्या चर्चेत हमखास ऐकू येते. मने जुळली तर काम होते. मुख्याध्यापकाने फार तर गोडीगुलाबीने सांगावे, एखादे प्रशिक्षण ठेवावे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्यक्ष काय घडते? विशेष शिक्षक बहुधा गटसाधन केंद्राचे, अनेक शाळा फिरणारे. ते येतात तेव्हा वर्गशिक्षिका फळ्यापाशी असतात. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ते व्हरांड्यात नेतात, शिकवतात, नोंद आपल्या फाइलीत ठेवतात आणि पुढची शाळा गाठतात. यात कुणाचा स्वभाव आडवा आला? दोघे कितीही मनमिळाऊ असले तरी बोलणार कधी?

‘वेळच नाही’ हा पुढचा आक्षेप. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची पाहावी. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास तिथे पूर्वतयारी धरून मोजले आहेत. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे रोजचे चार. सहा दिवसांचे २४. बाकीचे तास तयारीचेच. ते ऑनलाइन माहिती भरण्यात आणि बदली तासांत जातात, हे खरे, आणि वरून येणारी माहितीची मागणी मुख्याध्यापकाला थोपवता येत नाही, हेही खरे. पण बदली तास कोण लावतो? विशेष शिक्षकांच्या भेटीचा वार पक्का करून त्या दिवशी वर्गशिक्षिकेचा एक ऑफ तास राखणे, त्या वेळी वर्ग स्वतः घेणे, यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायची? दोनशिक्षकी शाळेत हे अवघड आहे. तिथे दोन्ही वर्ग अर्धा तास एकत्र बसवावे लागतील.

‘आधी पदे भरा’ ही मागणी रास्तच. प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्येच अधिसूचित केले. मात्र वेळापत्रक तेच राहिले, तर वाढलेली माणसेही व्हरांड्यातच शिकवतील. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशनाची अपेक्षा शाळेकडून केली आहे, एकट्या विशेष शिक्षकाकडून नव्हे.

मुख्याध्यापकाने महिन्यातून एकदा त्या मुलाची वही मागवावी आणि दोघांना समोर बसवून विचारावे: मागच्या भेटीत ठरले ते वर्गात कुठे वापरले? उत्तर एकट्यालाच देता आले, तर दुसऱ्याला बोल लावण्याआधी राखलेला तो तास कुठे गेला, हे हजेरीपटाशेजारच्या वेळापत्रकात शोधावे.