ऑइल इंजिनाचा पंप आणि आमचे कारागीर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तो दोन हातांच्या ओंजळींत मावेल एवढ्या एका वस्तूचा आहे. ही वस्तु म्हणजे डीझेल इंजिनाचा इंधन-पंप. विहिरीवरचें ऑइल इंजिन अगर मच्छीमारांची लाँच या पंपापायीं अडली म्हणजे आमच्या कारागिरांनीं त्याचे सुटे भाग घरच्या घरीं कसे घडविले, कोणते त्यांना साधले आणि कोणते साधले नाहींत, हें पाहिलें असतां आपल्या यंत्रोद्योगाचें बलाबल चांगलें कळून येतें.

रूडॉल्फ डीझेल या अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. या इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा इतकी दाबली जाते कीं ती अतिशय तापते, आणि तींत तेल शिरतांच पेट घेतें. अडचण एवढीच कीं, अशा दाबलेल्या हवेंत तेल घालावें कसें? डीझेलनें तें त्याहूनहि अधिक दाबाच्या हवेनें फुंकून आंत घातलें. त्याकरितां इंजिनाला हवेचा निराळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. अर्थात् तें यंत्र मोठ्या कारखान्यांतच शोभे. शेतकऱ्याच्या विहिरीवर नेण्याजोगें तें नव्हतें. केवळ पंपाच्या जोरावर तेल आंत मारण्याचे प्रयत्न पुढें अनेकांनीं केले, आणि १९२७ च्या अखेरीस स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यानें असे पंप मोठ्या संख्येनें काढण्यास आरंभ केला. लहान डीझेल इंजिनाचा प्रसार झपाट्यानें झाला तो त्यानंतर.

या पंपाचें काम किती नाजूक असतें तें पाहा. मिनिटाला ६५० फेरे करणारें सहा अश्वशक्तीचें एक साधें इंजिन घेऊं. त्यांत मिनिटाला ३२५ वेळां तेल सोडावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं सोडावयाचें तेल एक-दीड थेंबाहून जास्त नसतें. तो दीड थेंब ठरल्या क्षणीं, दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २०० किलोग्रॅम दाबानें, नॉझलच्या सूक्ष्म छिद्रांतून धुक्यासारखा उडाला पाहिजे. हा दाब टिकावा म्हणून पंपाचा प्लंजर आणि त्याचें बॅरल यांमध्यें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघें दोन-चार पट अंतर ठेवलेलें असतें. माणसाच्या डोक्यावरील केस त्याच्या पंधरा-वीस पट जाड असतो!

आतां आपल्या इकडील हकीकत. आपल्या प्रांतांतील यंत्रोद्योगाची पहिली शाळा म्हणजे दुरुस्तीचें दुकान होय. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं आरंभ केला तो सायकलींच्या दुकानानें. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी हें सर्व मागाहून आलें. साताऱ्यास सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डीझेल इंजिनें काढलीं. देशांत तयार झालेल्या अगदीं आरंभींच्या इंजिनांत त्यांची गणना होते. इतक्यांत १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें. जर्मनीचा माल तर बंद झालाच, पण विलायतेचे कारखानेहि युद्धकार्याला जुंपले गेले. इकडे ऊंस उभा, विहिरीवर इंजिन उभें, आणि एका चार आण्यांच्या भागावांचून पाणी बंद, अशी स्थिति झाली.

अशा वेळीं शेतकरी मोडका भाग फडक्यांत बांधून लेथवाल्याकडे जाई. कोल्हापुरास म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्यांचें नांव आजहि आदरानें घेतात, तें अशा हिकमती पिढीचे अग्रणी म्हणूनच. जुना नमुना समोर ठेवावा, कॅलिपरनें मापें घ्यावीं आणि नवा भाग उतरवावा, ही त्यांची रीत. या अभ्यासांतूनच पुढें तेथील ओतशाळा व ऑइल इंजिनांचे कारखाने वाढले, आणि शिवाजी उद्यमनगराचें नांव सर्वत्र झालें.

इंधनव्यवस्थेंतील पुष्कळ भाग या रीतीनें उत्तम होत. टाकीपासून पंपापर्यंतची नळी तांब्याची असे. ती वांकविणें, तिला डाक देणें हें तांबटाचेंच काम. गाळणीची वाटी, पोकळ बोल्ट, नट, स्प्रिंग हेंहि जमे. तांब्याचा वॉशर तर लोहाराचा पोरगाहि नवा करी. तांबें आवळून आवळून कठीण होतें, व मग सांध्यांतून तेल झिरपूं लागतें. तोच वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकला कीं पुन्हां मऊ होतो. पोलादाचें मात्र नेमकें उलट. तें असें केल्यानें अधिक कठीण होतें. धातूधातूंच्या स्वभावांतील हा भेद पुस्तक न वाचतां ज्यांना ठाऊक होता, त्यांना अडाणी कोण म्हणेल?

पण प्लंजर, नॉझल आणि जास्त दाबाची पोलादी नळी यांपाशीं ही रीत थांबे. डोळ्यांना जुना प्लंजर आणि लेथवर उतरविलेला नवा प्लंजर सारखेच दिसत. परंतु जो फरक महत्त्वाचा, तो डोळ्यांना दिसतच नाहीं आणि कॅलिपरलाहि सांपडत नाहीं. प्लंजर व बॅरल पोलाद कठीण करून, बारीक घर्षणचूर्णानें घासघासून, जोडीजोडीनें जुळविलेलीं असतात. एका जोडींतला प्लंजर दुसऱ्या बॅरलांत घालूनहि चालत नाहीं. नॉझल ठिबकूं लागलें तर काळा धूर निघतो, तेल वायां जातें, आणि कालांतरानें पिस्टनचाहि नाश होतो. नॉझलचा फवारा हातावर घेऊन पाहणें हें तर भलतेंच साहस. तें तेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम टाचणीच्या टोंकाएवढी दिसते, पण तीपायीं बोट किंवा हातहि गमवावा लागतो.

या संबंधांत एक गोष्ट सांगतों. १९८० नंतर लवकरच, मी नुकताच शिक्षक झालों असतां, आमच्या रत्नागिरीच्या बाजूला एका तांडेलाच्या लाँचची दाबाची नळी चिरली. नवी नळी आणावयाची तर आंबा घाट चढून कोल्हापूर गांठावयाचें. म्हणजे दोन दिवसांचा खोळंबा, आणि मासळीचा तर भर हंगाम. ओळखीच्या मिस्त्र्यानें पितळेचा डाक देऊन नळी सांधून दिली. डाक पाहण्यांत सुरेख होता. धक्क्यावर इंजिनहि छान चाललें. परंतु मिनिटाला शेंकडों वेळां बसणारा दाबाचा ठोका त्या सांध्याला सोसला नाहीं. समुद्रांत नळी तुटली, इंजिन बंद पडलें, आणि वारा सुटलेला असतां पांच माणसें रात्रभर लाटांवर राहिलीं. सकाळीं दुसऱ्या लाँचनें त्यांना ओढून आणलें. त्यांत माझा एक विद्यार्थीहि होता.

पुढें मी त्या मिस्त्र्याकडे गेलों, तेव्हां ती तुटकी नळी त्यानें लेथच्या वर खिळ्याला टांगून ठेवलेली दिसली. मला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, बाकी काय म्हणाल तें करून देईन. ही नळी तेवढी माझ्या हातची नव्हे." त्यानंतर कोणी कितीहि गळ घातली तरी दाबाच्या नळीचें काम त्यानें घेतलें नाहीं. त्याचें गिऱ्हाईक मात्र कमी झालें नाहीं, उलट वाढलें.

देशाच्या उद्योगाचीहि हीच कथा आहे. १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली व पुण्याजवळ खडकीस तिचा कारखाना उभा राहिला. इंजिनें येथें होऊं लागलीं, तरी पंप व नॉझल यांकरितां मुख्यत्वें परदेशाकडेच पाहावें लागे. १९५१ सालीं बंगळूरास बॉशच्या सहकार्यानें मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपल्या मेकॅनिकांच्या तोंडचें 'मायको', स्थापन झाली, आणि हे भाग देशांत होऊं लागले. पुढें त्याच कंपनीचा कारखाना नाशिकासहि निघाला व तेथें नॉझलें तयार होऊं लागलीं. ओतकाम आलें, लेथकाम आलें, संबंध इंजिन आलें. आणि तो मुठीएवढा पंप सर्वांच्या मागून आला. कारण त्यासाठीं कुशल हात पुरत नाहींत. केसाच्या विसाव्या हिश्शाचें माप घेणारीं साधनें लागतात, आणि त्या मापांत न बसणारा माल बाजूस काढण्याची शिस्त लागते.

आपल्याकडे 'चालवून घेणें' हा गुण मानतात, आणि युद्धकाळांत त्याच गुणानें ऊंस वांचला, हें विसरून चालणार नाहीं. परंतु कोठें चालवून घ्यावें आणि कोठें घेऊं नये, हें ओळखणें ही कारागिरींतील वरची इयत्ता होय. त्या मिस्त्र्यानें ती कोणत्याहि शाळेंत न जातां पार केली. आमच्या बंदरांतील माणसें आज त्याच्यावर जो विश्वास टाकतात, तो त्यानें केलेल्या कामांइतकाच त्यानें नाकारलेल्या कामांमुळेंहि आहे.