दारात उभ्या गाडीला आग

मंडळी, किल्ली काढलेली, मालक घरात झोपलेला आणि दारात उभ्या गाडीने पेट घेतलेला! अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० पिकअपच्या बाबतीत हे घडलं.

कारण एक छोटासा स्विच. ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप राखणारी सोय, बंद करणारा. त्याच्या एका बाजूला ब्रेकचं तेल, दुसऱ्या बाजूला वीज, मध्ये पातळ पडदा. पडद्याला चिरा पडल्या की तेल आत झिरपायचं. आणि स्विचमध्ये वीज कायम, किल्ली काढली तरी! माझ्या मते खरी चूक इथेच. पडदा कधीतरी फाटायचाच, पण उभ्या गाडीत त्या स्विचला वीज हवी कशाला?

१९९९ मध्ये आधी काही मोटारी परत बोलावल्या. पिकअपची पाळी आली जानेवारी २००५ मध्ये. एसयूव्ही धरून सुमारे ८ लाख गाड्या. सप्टेंबरात आणखी ३८ लाख. २००९ पर्यंत एकूण आकडा १ कोटी ४० लाखांच्या घरात गेला.

आणि उपाय काय? फ्यूज बसवलेली वायर! ती येईपर्यंत स्विचची जोडणी काढून ठेवत.

तिकडच्या भाचे-पुतण्यांनो, त्या काळातली जुनी पिकअप घेत असाल तर डीलरला चासी नंबर देऊन एवढं विचारून घ्या.