तासिकेआधीचे दिवस

1984 साली मी मराठीचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. नेमणुकीचा कागद वडिलांनी आधी देवी रेणुकाईपुढे ठेवला, मग वाचून घेतला. आमच्या पिंपळगावात तोवर हातात पैसा यायचा तो मिरचीच्या तोडणीला. दर महिन्याला पगार येणारं आमचं पहिलं घर.

मराठवाड्यात ही नोकरीच मुळात उशिरा आली. निजामाच्या राज्यात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, पण ते हैदराबादला, आणि शिकवणं उर्दूतून. औरंगाबादला बाबासाहेबांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं. तिथल्या मराठी विभागात मी शिकलो तेव्हा गंगाधर पानतावणे शिकवायला होते. वर्गात शिकवायचं आणि ‘अस्मितादर्श’ही चालवायचं, अशी त्यांची प्राध्यापकी. खेड्यातून आलेल्या पोरांचं लिखाण छापणारं ते त्रैमासिक. आपल्यालाही हेच करायचंय, हे मला तिथंच कळलं.

पगारासाठी आम्हीही भांडलो. 1987 च्या प्राध्यापकांच्या देशव्यापी संपात मी होतो. गावातले विचारायचे, ‘मास्तर, बसून पगार मिळतो, मग संप कशाला?’ त्यांचा राग मला समजायचा. त्यांच्या मिरचीचा भाव व्यापारी ठरवत होता. पण नोकरीतलं खरं सुख पगाराच्या आकड्यात नव्हतं. पहिल्या वर्षाला आलेली, तोंड न उघडणारी मुलगी तिसऱ्या वर्षाला गॅदरिंगमध्ये स्वतःची कविता वाचायची, आणि तेव्हाही मी तिथंच असायचो. ही तीन वर्षं मला कायम नेमणुकीनं दिली.

मग जागा भरणं आटलं. कायम माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी तासिकेवरचा. नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. तासिकेवाल्याला शिकवलेल्या तासाचे पैसे. उन्हाळ्यात काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पोरगं तिसऱ्या वर्षाला पोचेल तेव्हा आपण इथं असू का, हे त्याला सांगता येत नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

माझा एक विद्यार्थी सेट झालेला, पीएच.डी. झालेला आहे. परवा रात्री बाजारात मिरचीची पोती काट्यावर ठेवताना दिसला. मला बघून हात पुसत आला.

‘सर, सकाळी साडेसातचा तास आहे. ज्ञानेश्वरी काढलीय. गाडी भरली की निघतो.’