बिनचुलीच्या फ्रॉस्टिंगची कुळकथा

हर्शी या अमेरिकी कंपनीच्या कोकोच्या डब्यावर चॉकलेट फ्रॉस्टिंगची एक कृती छापलेली असते. अर्धा कप बटर वितळवायचं, त्यात 2/3 कप कोको कालवायचा, मग 3 कप पिठीसाखर आणि 1/3 कप दूध आलटून पालटून घालत फेटायचं, शेवटी चमचाभर व्हॅनिला. झालं. बटर वितळेपर्यंतच काय तो विस्तवाशी संबंध. पाक नाही, तार बघणं नाही. ब्राउनीवर थापायला अमेरिकेतल्या कितीतरी घरांत हेच होतं आणि ‘साधं, घरगुती’ म्हणून त्याचं कौतुकही होतं. त्यातल्या ‘घरगुती’बद्दल मला शंका आहे. यातलं कष्टाचं काम कारखान्यांनी केव्हाच उरकून ठेवलेलं आहे.

ते काम आधी कोण करत होतं, हे बघायला 1769 सालच्या इंग्लंडात जावं लागतं. एलिझाबेथ रॅफल्ड या बाई आधी एका बड्या घराण्याच्या वाड्यात मुदपाकखान्यासकट सगळा कारभार पाहत. पुढे मँचेस्टरला दुकान थाटून त्यांनी त्या साली पाककृतींचं पुस्तक काढलं. लग्नाच्या केकवरच्या आयसिंगची त्यांची कृती वाचूनच दंड भरून येतात. 2 पौंड शुद्ध साखर 2 औंस स्टार्चबरोबर कुटायची आणि बारीक चाळणीतून चाळायची. साखर तेव्हा दगडासारख्या शंकूच्या ढेपेत मिळे, म्हणजे आधी ती फोडणं आलं. मग 5 अंड्यांचा पांढरा बलक कथलाच्या ताटात सुरीने अर्धा तास फेटायचा, त्यात थोडी थोडी साखर घालत जायचं, आणि सगळी साखर गेल्यावर आणखी अर्धा तास. केक भट्टीतून निघाल्या निघाल्या हे लावलं तर तो निवेपर्यंत आयसिंग कडक होतं, असंही बाई सांगतात. फेटणारीचं नाव अर्थातच कुठे नाही. ज्या घरात दासी होत्या, त्या घरातच हे आयसिंग होत असणार.

त्या 2 औंस स्टार्चपाशी जरा थांबायला हवं. बारीक कुटलेली साखर हवेतली ओल ओढते आणि तिचे गठ्ठे होतात; स्टार्च ती ओल स्वतःकडे घेतो. आज दुकानात मिळणाऱ्या आयसिंग शुगरमध्ये याच कारणासाठी कॉर्नफ्लोअर असतं, अमेरिकेत साधारण 3 टक्के. म्हणजे कारखान्याने नवीन युक्ती काढली नाही. जुनी युक्ती आणि कुटणारीचे हात, दोन्ही त्याने पुडक्यात भरले.

कोकोची गोष्ट वेगळी, तिथे युक्तीच नवी होती. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. बी नुसती वाटली तर चिकट लगदा होतो, पूड होत नाही. गरम पाण्यात कालवलं तर वर तवंग येतो. युरोपात कैक वर्षं लोक ते तवंगाचं चॉकलेट पीतच होते. 1828 साली अॅमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन बापलेकांनी ही चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. दाबून उरलेली कोरडी ढेप दळली की झाला कोको. मुलाने, कुनराडने, त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून आंबटपणा कमी केला आणि रंग गडद केला. निघालेली चरबीही वाया गेली नाही: ती पुन्हा कोको आणि साखरेत मिसळून ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1847 साली खायच्या चॉकलेटची वडी केली. फ्रॉस्टिंगला मात्र ती कोरडी बाजूच हवी होती, कारण चरबी काढलेल्या पुडीत आपल्याला पाहिजे ती चरबी, म्हणजे बटर, हवी तेवढी घालता येते.

हे सगळं अमेरिकेत एकत्र आलं. मिल्टन हर्शी हा पेनसिल्व्हेनियातला कॅरमेलचा कारखानदार. 1894 साली त्याने चॉकलेटची कंपनी काढली ती मूळ आपल्या कॅरमेलवर चॉकलेट चढवायला. त्याच सुमाराला शिकागोत आणि बोस्टनमध्ये ब्राउनी घडत होती. 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी शिकागोच्या पामर हाउस हॉटेलने जो चॉकलेटचा चौकोनी तुकडा केला, त्यावर अक्रोड आणि जर्दाळूचा चकाकणारा लेप होता. 1896 साली फॅनी फार्मर या बोस्टनच्या शिक्षिकेने आपल्या गाजलेल्या पुस्तकात ‘ब्राउनी’ दिली, पण तिच्यात चॉकलेट नव्हतंच, काकवी होती. चॉकलेटची ब्राउनी त्याच पुस्तकाच्या 1906 च्या आवृत्तीत आली. यातल्या एकाही ब्राउनीवर चॉकलेट फ्रॉस्टिंग नाही. माझ्या मते ओलसर, दाट ब्राउनीला ते लागतही नाही. केकसारखी फुगलेली, जरा कोरडी ब्राउनी असेल तर मात्र त्यावाचून घास उतरत नाही.

फ्रॉस्टिंग फार्मरबाईंच्या पुस्तकात आहे, पण केकसाठी, आणि दोन तऱ्हांचं. एकात साखर-पाण्याचा पाक चमच्याच्या टोकावरून बारीक तार सुटेपर्यंत उकळायचा, मग वितळलेल्या चॉकलेटवर ओतून घोटायचा. एकतारी पाक, दुसरं काय! दुसऱ्यात चॉकलेट, गरम साय, अंड्याचा पिवळा बलक, अर्धा चमचा बटर, आणि थापण्याजोगं घट्ट होईपर्यंत कारखान्याची पिठीसाखर. दोन्ही तऱ्हा एकाच पुस्तकात नांदतात, तरी त्यांच्यात एका पिढीचं अंतर आहे. पहिलीत साखर बाईच्या नजरेवर अवलंबून, दुसरीत चमच्यावर.

पाकाची तऱ्हा इतकी अवघड का, ते फजवरून कळतं. फज म्हणजे अमेरिकेची बर्फी. वासर कॉलेजात शिकलेल्या एमेलिन हार्ट्रिज यांच्या पत्रानुसार 1886 साली बाल्टिमोरमध्ये ते 40 सेंटला पौंड या दराने विकलं जात होतं; 1888 साली त्यांनी कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड फज केलं, आणि मुलींच्या कॉलेजांत त्याचं वेड पसरलं. साखर, दूध-साय आणि चॉकलेट 112 ते 115 अंशांपर्यंत आटवायचं, पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी व्हायला हवी. मग भांडं न हलवता कोमट होऊ द्यायचं, आणि त्यानंतरच घोटायचं. गरम असताना चमचा फिरवला की साखरेचे मोठे खडे धरतात आणि जिभेला रवाळ लागतं. थोड्या पातळ टप्प्यावर थांबलं तर तेच फज केकवर पसरतं. हे सगळं जपायचं ते साखरेचे कण बारीक राहावेत म्हणून. पिठीसाखरेत ते आधीच दळून बारीक केलेले असतात. पाक टळला तो इथे.

फेटण्याचा तासही पुढे टळला. सनबीमचा मिक्समास्टर 1930 साली बाजारात आला, आणि बटर-साखर फुलवणं मिनिटांवर आलं. मग युद्ध आलं. मे 1942 मध्ये अमेरिकेत साखरेचं रेशनिंग सुरू झालं, माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे सुमारे 227 ग्रॅम. डब्यावरच्या कृतीतली 3 कप पिठीसाखर साधारण 360 ग्रॅम भरते. एका माणसाची दीड आठवड्याची साखर एका ताटलीवर. रेशनिंग 1947 पर्यंत चाललं.

आपल्याकडे ही कृती करताना कारखान्याचं काम थोडं अंगावर येतं. पिठीसाखर आपण मिक्सरला फिरवतो, तिच्यात कॉर्नफ्लोअर नसतं आणि दळण सारखं नसतं. म्हणून फ्रॉस्टिंग दाताखाली कचकचतं. मलमलीच्या फडक्यातून चाळली तर बराच फरक पडतो, रॅफल्डबाईंच्या मदतनिसांनी तेच केलं असतं. बटर बहुधा खारं असतं, ते चॉकलेटला चालतं, वरून मीठ मात्र घालू नये. खरी अडचण मे महिन्याची. बटर 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं आणि नागपूरच्या दुपारी घरातली हवाच त्याच्या वर जाते. बिनचुलीचं फ्रॉस्टिंग तिथे ब्राउनीवरून ओघळतं. तेव्हा टेक्सासच्या शीट केकची रीत बरी: बटर, दूध आणि कोको एकत्र उकळायचं, गॅस बंद करून चाळलेली पिठीसाखर घालायची, आणि ब्राउनी भट्टीतून निघाल्याबरोबर गरम असतानाच वर ओतायचं. निवताना त्याच्यावर पातळ, कडक साय धरते. सुरीने कापण्याआधी तासभर तरी हात लावू नये.